पुढील आदेश होईपर्यंत

"मिस्टर घरत, येत्या शुक्रवारी आपल्या कंपनीत सगळ्यांनी समुद्री चाच्यांचा वेष करून यायचं," असं जनरल मॅनेजर धनेश सबनीस यांनी सांगितलं, तेव्हा घरतभाऊंच्या हातात रजेच्या अर्जांची फाईल होती. साहेबाच्या तोंडून काहीही बाहेर पडलं तरी आधी "हो साहेब" म्हणायचं आणि मग विचार करायचा, अशी त्यांना बावीस वर्षांची सवय होती. त्याप्रमाणे ते "हो साहेब" म्हणाले आणि मग विचार करू लागले.

"चाचे म्हणजे साहेब, ते गलबतं लुटणारे?"

"पायरेट्स! डोळ्यावर काळी पट्टी, त्रिकोणी टोपी, टोपीवर कवटी. दोन आठवड्यांनी आयएसओचं ऑडिट आहे. सहा महिने लोक नुसते कागद भरतायत, पार कंटाळलेत. परवा लोणावळ्याच्या कोर्सला आम्हाला हेच शिकवलं. वेष बदलला की माणूस मोकळा होतो."

"आपल्याकडे शिमग्याला काढतात तशी सोंगं, साहेब. पण कंपनीत म्हणजे..."

"हंड्रेड परसेंट पाहिजे. झाडूवाल्यापासून माझ्यापर्यंत. एकही माणूस साध्या कपड्यात दिसता कामा नये. तसं लेखी काढा."

'लेखी' हा शब्द ऐकल्यावर घरतभाऊंना जरा बरं वाटलं. चाच्यांचं त्यांना काही कळत नव्हतं, पण लेखी म्हटलं की ते त्यांचं राज्य होतं.

रोह्याजवळ धाटावच्या औद्योगिक वसाहतीत कापडाचे रंग बनवणारी ही कंपनी. तिथे जनार्दन घरत हे प्रभारी कार्मिक अधिकारी. त्यातला 'प्रभारी' हा शब्द नऊ वर्षांपूर्वी तात्पुरता म्हणून लागला होता, तो अजून निघाला नव्हता. खुर्ची अधिकाऱ्याची, काम अधिकाऱ्याचं, शिव्याही अधिकाऱ्याच्याच, पण दारावरच्या पाटीवर नुसतं 'कार्मिक अधिकारी' लिहिलेलं आणि खाली नावाची जागा रिकामी. यंदा जानेवारीत मात्र मुंबईच्या हेड ऑफिसचं पत्र आलं. आयएसओचं सर्टिफिकेट मिळालं तर घरत यांना अधिकारी म्हणून कायम करण्यात येईल. न मिळाल्यास एमबीए झालेला तरुण पाठवण्यात येईल आणि घरत यांनी त्याला काम शिकवावे. निवृत्तीला चार वर्षं उरलेल्या माणसाने आपल्याच साहेबाला अ आ इ ई शिकवायची, ही कल्पना घरतभाऊंच्या घशाखाली उतरत नव्हती.

घरतभाऊंनी आयुष्यात एकही परिपत्रक नव्याने लिहिलं नव्हतं. नवीन लिहिलं की चुका होतात, जुन्यावरून काढलं की होत नाहीत, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांनी १९८४ सालचं खाकी गणवेशाचं परिपत्रक काढलं आणि त्यातले शब्द तेवढे बदलले. 'खाकी गणवेश' होता तिथे 'समुद्री चाच्याचा गणवेश' आला. 'टोपी'च्या जागी 'त्रिकोणी टोपी (काळी)', 'कंपनीचा बिल्ला'च्या जागी 'कवटी'. शेवटी 'डोळ्यावर पट्टी (एक)' अशी नवीन बाब जोडली. तारखेत 'शुक्रवारपासून' असं घातलं. बाकीची कलमं तेरा वर्षं बिनतक्रार चालली होती, त्यांना हात लावायचं काही कारण नव्हतं. सबनीससाहेबांचं शिक्षण सगळं इंग्रजी शाळेत झालेलं, त्यामुळे मराठी परिपत्रकात ते फक्त सहीची जागा शोधत. ती त्यांना लगेच सापडली. परिपत्रक क्रमांक सतरा फलकावर लागलं.

तासाभरात कान्हू म्हात्रे आला. हा युनियनचा सेक्रेटरी. पेणच्या खाडीकाठचा गडी. बापाने मिठागरात उभा जन्म काढला, कान्हूने भट्टी खात्यात नोकरी धरली आणि उरलेल्या वेळात कामगार कायद्याची पुस्तकं पाठ केली. तो बोलायला लागला की घरतभाऊंचं डोकं उठायचं, कारण तो बहुतेक वेळा बरोबर असायचा.

"भाऊ, परिपत्रक वाचला. झ्याक हाय. पन कलम तीन परमानं दोन जोड भेटले पायजेत."

"कान्हू, अरे एक दिवसाची गंमत आहे ती."

"गंमत कुटं लिवलीय? गनवेश लिवलाय. दोन जोड."

घरतभाऊंनी सबनीसांना विचारलं. साहेब उत्साहात होते. "द्या, द्या! दोन द्या! स्पिरिट बघा लोकांचं!" म्हणाले. कंपनीचे गणवेश रोहा बाजारातले इद्रीस मास्टर शिवायचे. एकशे चाळीस माणसांचे दोन-दोन जोड चार दिवसांत म्हटल्यावर मास्टरांनी गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली.

"भाऊ, पहिला जोड शुक्रवारला, दुसरा सोमवारला. त्याच्यावर माझा इलाज नाय. आनि कपडा माझ्याकडं हाय तोच लावनार. गादीवाल्यासाठी तागे आनलेत, निळे पट्टे हायत. सुती माल हाय, अस्सल."

"म्हणजे गादीच्या खोळीचं कापड?"

"चाचे काय सूट घालून फिरत व्हते काय, भाऊ? टोपीला छत्रीचा कपडा लावतो. पान्यात बी चालंल. कवटीचं म्हनाल तर पेनला आमच्या वळखीचा गनपतीचा कारखाना हाय, तिथला कारागीर रंगवून देईल. तुम्ही फिकीर करू नका."

घरतभाऊंनी फिकीर केली नाही, तिथेच चुकलं. तो कारागीर पेणमध्ये मूर्तींच्या डोळ्यांच्या आखणीसाठी नावाजलेला. तीस वर्षं त्याने दुसरं काही केलंच नव्हतं. कवटीच्या त्या दोन काळ्या भोकांकडे बघून त्याच्याने राहवलं नसावं. एकशे चाळीस टोप्या आल्या त्या एकशे चाळीस कवट्यांना कमळाच्या पाकळीसारखे डोळे, रेखीव भुवया आणि नजरेत अपार माया घेऊन. झाडूवाल्या सगुणाबाईने टोपी हातात घेतली आणि आधी ती कपाळाला लावली.

शुक्रवार मात्र खरोखरच छान गेला. सबनीससाहेब मुंबईहून भाड्याने मखमली अंगरखा आणि तलवार घेऊन आले होते. फोटो निघाले, वडे-जिलबी झाली, भट्टी खात्याने गाणी म्हटली. संध्याकाळी घरतभाऊंनी पट्टे-पट्ट्यांचा जोड घरी नेऊन धुवायला टाकला आणि संपली एकदाची ब्याद म्हणून गाढ झोपले.

सोमवारी ते नेहमीच्या बिस्किटी सफारीत गेटवर आले, तर एकशे एकोणचाळीस चाचे शिस्तीत आत चाललेले. रखवालदार नाथाने टोपीवरच्या मायाळू कवटीसकट त्यांना सलाम ठोकला आणि मग काठी आडवी धरली.

"भाऊ, गनवेश?"

"नाथा, वेड लागलं का? शुक्रवार झाला!"

"परिपत्रकात 'शुक्रवारपासून' हाय. आनि कलम पाच. गनवेशाशिवाय गेटच्या आत परवेश नाय. तुमीच तर लिवलात."

घरतभाऊ गेटच्या गजांना धरून आतल्या फलकावरचं स्वतःचं परिपत्रक बाहेरून वाचू लागले. बावीस वर्षांत त्यांच्यावर ही पाळी पहिल्यांदाच आली होती. कलम पाच होतं. कलम सातही होतं. 'सदर गणवेश पुढील आदेश होईपर्यंत सर्व श्रेणीतील कर्मचाऱ्यांवर कामाच्या वेळेत बंधनकारक राहील.' त्यांनी ते दोनदा वाचलं. भाषा निर्दोष होती. तेवढ्यात दुसरे जोड घेऊन इद्रीस मास्टरांचा टेम्पो आला. बरोबर आठ वाजता प्रभारी कार्मिक अधिकाऱ्यांनी टेम्पोच्या मागे उभं राहून पँट बदलली.

आत कान्हू वाटच बघत होता.

"कान्हू, आजच्या आज रद्दचा आदेश काढतो."

"काडा ना. पन सेवेच्या शर्तींत बदल करायचा तर एकवीस दिसांची नोटीस द्यावी लागंल. कायदा हाय. नाय दिलीत तर आमी अलिबागला लेबर हापिसात जाऊ. तुमच्या ऑडिटवाल्यांना त्यो बी कागद दिसंल."

"पण तुला ही सोंगं कशाला पाहिजेत रे?"

कान्हूचा आवाज एकदम खाली आला. "भाऊ, तीन वर्सं आमी सुती गनवेश मागतोय. तुमी दर येळी काय लिवलात? विचाराधीन. त्या खाकी टेरीकॉटात भट्टीसमोर आठ तास कवा उभे ऱ्हायलात? मांड्या सोलपटतात. आता पयल्यांदा सुती भेटलंय, ढगला, हवा खेलती. टोपीनं डोल्यावर सावली येते. आमी कशाला सोडू?"

तो 'विचाराधीन' शेरा घरतभाऊंच्याच अक्षरात होता आणि त्याचा विचार कोणीही केला नव्हता, त्यांनीसुद्धा.

सबनीसांना सगळं सांगितल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, "मी हे सही केलं?" आणि दुसरा, "मला कोणी सांगितलं का नाही?" तिसरा प्रश्न त्यांनी कॅलेंडरकडे बघून विचारला, "मग हे संपणार कधी?" नोटीस आज दहा मार्चला लागली, म्हणजे मुदत संपणार एकतीसला. ऑडिट एकोणीसला. घरतभाऊंनी उजवीकडून मोजलं, डावीकडून मोजलं, रविवार वगळून मोजलं. एकोणीस तारीख काही केल्या एकतीसच्या पलीकडे जाईना.

"काहीही करा, मिस्टर घरत. मला ऑडिटला हे ध्यान दिसता कामा नये. तुमचं पत्र लक्षात आहे ना?"

लक्षात नसायला काय झालं? नऊ वर्षं दुसरं काय होतं लक्षात!

घरतभाऊ राहायला पेणला, तेव्हा आता रोजचा पेण ते रोहा प्रवास आला. गेटच्या बाहेर कपडे बदलायला आडोसा नाही, आणि इद्रीस मास्टर काही रोज टेम्पो लावणार नव्हते. म्हणून घरतभाऊ रामवाडीतल्या घरूनच चाचा होऊन निघू लागले. पहिल्या सकाळी त्यांच्या पत्नी सरूवहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या.

"अवो, गादीला नवी खोळ शिवा म्हणून दिवाळीपासून सांगतेय. ती राहिली बाजूला आणि तुम्हीच चढवलीत व्हय?"

"सरू, माझं डोकं फिरवू नकोस."

"शेजारच्या काशीबाई विचारत व्हत्या, भाऊंच्या डोळ्याचं आपरेशन झालं काय. मी हो म्हटलं." मग त्यांनीच पुढे होऊन त्यांची टोपी सरळ केली. "जाऊ द्या. नऊ वर्सं काढलीत, हे वीस दिस काय! एकदा दारावर नाव लागलं की झालं. माझ्या भावाला दाखवायचीय ती पाटी."

शिमगा आठ-दहा दिवसांवर होता. नागोठण्याच्या अलीकडे पोरांनी रस्त्यावर बांबू आडवा टाकून एसटी धरली आणि शिमग्याचं पोस्त म्हणून पैसे मागायला सुरुवात केली. पोस्त घेतल्याशिवाय गाडी सोडायची नाही, हा शिमग्याचा रिवाज. ड्रायव्हर करवादला, प्रवासी घड्याळं बघू लागले. एवढ्यात पोरांच्या म्होरक्याला खिडकीशी घरतभाऊ दिसले. पट्टे, काळी पट्टी, टोपी, कवटी. तो मागे वळून ओरडला, "सोडा रे गाडी! दुसऱ्या गावाचं सोंग आधीच आत बसलंय!" बांबू बाजूला झाला. कंडक्टरने घरतभाऊंचे हात हातात घेतले. दुसऱ्या दिवसापासून पुढची खिडकी त्यांच्यासाठी राखून ठेवली जाऊ लागली आणि पेण आगारात रोज सकाळी "सोंगवाले काका आले काय?" असं विचारल्याशिवाय गाडी हलेना. बावीस वर्षांत घरतभाऊंना एसटीत बसायला जागा मिळाली नव्हती. या मानमरातबाने त्यांना रडू यायचं बाकी होतं.

एक गोष्ट मात्र त्यांना मनातल्या मनात कबूल करावी लागली. कापड बरं होतं. मार्चच्या उकाड्यात मांड्या सोलपटत नव्हत्या. पाचव्या दिवशी त्यांनी कान्हूला बोलावलं, तीन वर्षांपूर्वीचा अर्ज बाहेर काढला आणि एकतीस तारखेनंतर साध्या निळ्या सुती गणवेशाचा करार करून टाकला. कान्हूने सही केली. "बदलाला आमची आता ना नाय, पन एकवीस दिस म्हंजे एकवीस दिस," असंही सांगितलं. आणि काम सुरक्षित व्हावं म्हणून घरतभाऊंनी परिपत्रक सतरालाच एक शुद्धिपत्र जोडलं. 'भट्टीजवळ काम करताना डोळ्यावरील पट्टी कपाळावर घ्यावी व सुरक्षा चष्मा लावावा.' परिपत्रक चुकीचं असलं म्हणून शुद्धिपत्र चुकीचं असून चालत नाही.

अठरा तारखेला सबनीसांनी दार लावून घेतलं.

"ते परिपत्रक फाईलमधून काढून टाका. कागदच नाही तर भानगडच नाही."

"साहेब, रजिस्टरला सोळा आणि अठराच्या मधे सतरा आहे. ऑडिटवाला आधी आकडे बघतो."

"मग रजिस्टर नवीन लिहा!"

घरतभाऊ पहिल्यांदाच "हो साहेब" म्हणाले नाहीत. "बावीस वर्षांत माझ्या फाईलीतून एक कागद गेला नाही, साहेब. तुम्ही दुसरं काहीही सांगा," असं ते म्हणाले. सबनीसांनी डोकं धरलं. "ठीक आहे. घाला काय घालायचं ते. मी मात्र हे घालणार नाही. मी जनरल मॅनेजर आहे."

एकोणीसला ऑडिटर आले. पुण्याचे हैबतराव जगदाळे, लष्कराच्या भांडार विभागातून निवृत्त झालेले. काटक अंगाचे, आखूड मिशीचे, ज्यांच्याकडे बघून आपलं काहीतरी चुकलंय असं उगाच वाटावं असे. गेटवर नाथाने सलाम ठोकला. हैबतरावांनी टोपी बघितली, पट्टी बघितली, कवटीच्या डोळ्यांत जरा जास्त वेळ बघितलं. आत सगळं अंगण पट्ट्या-पट्ट्यांनी भरलं होतं. सूट घातलेले सबनीस हात पुढे करून हसत होते आणि त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

"हे काय आहे?" हैबतरावांनी विचारलं.

"सर, ही एक छोटीशी..." सबनीस अडखळले.

"गणवेश, साहेब," घरतभाऊ म्हणाले. आता लपवण्यासारखं राहिलंच काय होतं! "परिपत्रक क्रमांक सतरा."

"दाखवा."

हैबतरावांनी चष्मा लावला. पहिल्या कलमापासून शेवटच्यापर्यंत वाचलं. मग पेन्सिल काढली आणि भट्टी खात्यापासून सुरुवात केली. टोपी काळी, बरोबर. कवटी, बरोबर. पट्टी, एक. दुसरा जोड? कान्हूने कपाटातून काढून दाखवला. भट्टीपाशी माणसांच्या पट्ट्या कपाळावर आणि डोळ्यांना चष्मे.

"हे परिपत्रकात नाही."

"शुद्धिपत्र आहे, साहेब. मागे जोडलंय."

हैबतरावांनी पान उलटलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. "शुद्धिपत्र! आठ वर्षं मी कारखाने बघतोय. लोक लिहितात एक, करतात दुसरं. तुम्ही काय घालावं याच्याशी आयएसओला देणंघेणं नाही. जे लिहिलंय ते करता का, एवढंच मी बघतो." मग ते सावकाश सबनीसांकडे वळले. "कलम सात. सर्व श्रेणीतील. झाडूवाल्यापासून जनरल मॅनेजरपर्यंत. आपला गणवेश?"

सबनीसांचा अंगरखा त्या शनिवारीच मुंबईला परत गेला होता.

"पाच वाजता शेवटची बैठक आहे. तोपर्यंत ही त्रुटी राहिली तर ती मोठी त्रुटी. मग सर्टिफिकेटचं पुढच्या वर्षी बघू," असं म्हणून हैबतराव जेवायला गेले.

सबनीसांनी घरतभाऊंना आपल्या केबिनमध्ये ओढलं. इद्रीस मास्टरांना फोन लावला तर दुकान बंद, मास्टर माणगावला लग्नाला गेलेले. भांडारात एकही जोड शिल्लक नाही, कारण घरतभाऊंनी एकशे चाळीस म्हणजे एकशे चाळीसच शिवले होते आणि साहेबांच्या जोडाला साहेबांनीच नको म्हटलं होतं. कामगारांचा दुसरा जोड मागायला गेले, तर सगळे जोड सकाळीच तपासून यादीत चढलेले. एक कमी झाला असता तर कलम तीन मोडलं असतं. घड्याळात साडेचार झाले. सबनीस घरतभाऊंकडे बघू लागले. कपड्यांकडे, टोपीकडे, पट्टीकडे. आणि घरतभाऊंचा दुसरा जोड रामवाडीत दोरीवर वाळत होता.

"मिस्टर घरत, सर्टिफिकेट मिळालं तर पहिला फायदा कोणाचा आहे?"

हे खरं होतं. घरतभाऊंना सरूवहिनींचा भाऊ आठवला, रिकामी पाटी आठवली. त्यांनी बटणं सोडली. सबनीस उंच, पँट त्यांच्या पोटरीपर्यंतच आली, पण पट्टी आणि टोपी बरोबर बसली. त्यांचा सूट घरतभाऊंना घालता आला नाही, कारण सूट म्हणजे पुन्हा विनागणवेशच. तेव्हा ते बनियन आणि पट्ट्यांच्या चड्डीवर रेकॉर्ड रूममध्ये, १९८४ ते ८९ च्या कपाटामागे जाऊन बसले. बैठक संपेपर्यंत कोणी तिथे येण्याचं कारण नव्हतं.

बैठक उत्तम झाली. हैबतरावांनी साहेबांची पट्टी तपासून खूण केली, सह्या केल्या, चहा घेतला. आणि उठता उठता म्हणाले, "ज्या माणसाने हे कागद इतके व्यवस्थित ठेवलेत, त्याची रेकॉर्ड रूम एकदा बघायची आहे."

दार उघडलं. हैबतराव कौतुकाने एकेका कपाटावरून हात फिरवत पुढे आले आणि ८९ च्या टोकाला वळले.

"आपण कोण?"

"प्रभारी कार्मिक अधिकारी," घरतभाऊ उभे राहून म्हणाले. बावीस वर्षांत एवढ्या कमी कपड्यांत त्यांनी हुद्दा सांगितला नव्हता.

"हे परिपत्रक आपण काढलंत?"

"हो, साहेब."

"आणि आपला गणवेश?"

घरतभाऊंनी मागे उभ्या असलेल्या सबनीसांकडे बघितलं. सबनीसांनी उघडा डोळासुद्धा मिटून घेतला.

हैबतरावांनी खरोखरच्या दुःखाने पेन्सिल काढली. "लिहावं लागेल. मी पाहिलं, ते लिहावंच लागेल."

सर्टिफिकेट मिळालं. चौकटीत लावून सबनीसांच्या टेबलामागे टांगलंही गेलं. अहवालात एकच किरकोळ त्रुटी होती: 'परिपत्रक काढणारे प्रभारी अधिकारी स्वतः कामाच्या वेळेत विनागणवेश आढळले.' हेड ऑफिसने सर्टिफिकेटबद्दल सबनीसांचं अभिनंदन केलं आणि घरत यांची शिस्त पाहता त्यांना कायम करण्याचा विचार सोडून दिल्याचं कळवलं. निवडलेल्या तीन एमबीए तरुणांपैकी पहिला एकतीस तारखेस रुजू होईल, त्यास काम शिकवावे.

"साहेब, तुम्ही त्यांना सांगा ना, कपडे कोणाच्या अंगावर होते ते," घरतभाऊ म्हणाले.

"मी काय करू? अहवालात लिहिलंय," सबनीस म्हणाले आणि फाईल उघडून बसले. घरतभाऊंना त्यांचा इतका संताप आला की ते रजा न टाकता अर्ध्या दिवसाने घरी गेले. हेसुद्धा पहिल्यांदाच. सरूवहिनींनी जेवणात वालाचं बिरडं वाढलं आणि भावाला पाठवायचं पत्र डब्याखाली सरकवून ठेवलं.

एकतीस तारखेला नोटिशीची मुदत संपली. रद्दचा आदेश टाईप होऊन घरतभाऊंच्या खिशात होता. नियमाप्रमाणे साहेबांची सही त्यावर आदल्या शनिवारीच झाली होती. फक्त शिक्का मारून फलकावर लावायचा, की सोंग संपलं. तेवढ्यात गेटवरून फोन आला. नवे साहेब आलेत, पण नाथा आत सोडत नाही.

गेटबाहेर हातात बॅग, गळ्यात टाय, पायात चकचकीत बूट असा प्रवीण सामंत उभा होता. वय फार तर पंचवीस. तो नाथाकडे बघत होता, नाथाच्या टोपीवरची कवटी त्याच्याकडे मायेने बघत होती.

"तुम्ही मिस्टर घरत? हा माणूस मला टाय काढायला सांगतोय. आणि हे... हे रोज असतं?"

"रोज."

"ऑफिसर लोकांनाही?"

"सर्व श्रेणी."

"कधीपर्यंत?"

"पुढील आदेश होईपर्यंत," घरतभाऊ म्हणाले.

"आणि तो आदेश कधी निघतो साधारण?"

घरतभाऊंचा हात खिशाकडे गेला. कागदाची घडी बोटांना लागली. ते खोटं बोलणारे नव्हते, आणि आजही त्यांना खोटं बोलायचं नव्हतं. "आमच्याकडे आदेशाला वेळ लागतो, साहेब," ते शांतपणे म्हणाले. "मी माझ्या एका आदेशाची नऊ वर्षं वाट बघतोय. तुम्ही या ना आत. माप इद्रीस मास्टर घेतील. कापड सुती आहे, पँट जरा ढगळ असते. आणि पेणवरून येणार असाल तर एसटीत पुढची जागा आपली ठरलेली आहे."

प्रवीण सामंतने एकदा आत बघितलं. भट्टी खात्याची न्याहारीची सुट्टी झाली होती आणि साठ चाचे डबे घेऊन त्याच्याकडे चालत येत होते. त्याने बॅग या हातातून त्या हातात घेतली.

"मुंबईकडे जायला आता गाडी किती वाजता आहे?"

"सव्वाअकराला आहे. नाथा, साहेबांना रिक्षा बघून दे."

रिक्षा धूळ उडवत गेली. मागे कान्हू येऊन उभा राहिला होता. "भाऊ, आज एकविसावा दिस. निळ्या कपड्याचे तागे आलेत, इद्रीस मास्टरनं बेतायला घेतलेत. रद्दची आर्डर कवा लावताव?"

घरतभाऊंनी खिशातला कागद काढला, वाचला आणि पुन्हा घडी घालून ठेवून दिला.

"हेड ऑफिसने तीन पोरं निवडलीत, कान्हू. अजून दोघं यायचेत," ते डोळ्यावरची पट्टी नीट बसवत म्हणाले. "ते येऊन जाऊ देत."